नियमदर्शक फलकाचा लाल रंग रात्रीही लालच दिसला पाहिजे

एका नगरपरिषदेच्या सदस्याने विचारलं आहे: "आमच्या गावात बाजारपेठ, शाळा आणि बसस्थानक या भागात 'नो एन्ट्री', 'नो पार्किंग', 'थांबा' आणि वेगमर्यादेचे बोर्ड लावायचे आहेत. गावातला पेंटर पत्र्यावर ऑइलपेंटने स्वस्तात करून द्यायला तयार आहे. या बोर्डांचे रंग आणि आकार नक्की काय ठरलेले आहेत, ते पाळणं सक्तीचं आहे का, आणि थोडा इकडेतिकडे फरक पडला तर काय बिघडतं?"

सक्तीचं आहे, आणि पेंटरकडून ऑइलपेंटमध्ये करून घेऊ नका. रस्त्यांच्या चिन्हांची कामं मी बरीच वर्षं करतोय, म्हणून कारणं नीट सांगतो. टेंडर काढताना ती उपयोगी पडतील.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ मध्ये म्हटलंय की वाहतूक चिन्हं कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत दिलेल्या मापाची, रंगाची आणि प्रकारचीच असतील. कलम ११९ चालकाला सांगतं की आदेशात्मक चिन्ह पाळलंच पाहिजे. आदेशात्मक चिन्ह कशाला म्हणायचं तेही तिथेच दिलंय: अनुसूचीच्या भाग अ मधलं चिन्ह, किंवा तशाच स्वरूपाचं, म्हणजे लाल जमीन किंवा लाल कडा असलेली गोल तबकडी. म्हणजे आकार आणि रंग हा कायद्यातल्या व्याख्येचाच भाग आहे. पिवळ्या चौकोनी पत्र्यावर 'वाहने सावकाश चालवा, वेग ३०' असं सुवाच्य लिहिलं, तर ती विनंती झाली, हुकूम झाला नाही. त्या पत्र्याच्या जोरावर पावती फाडली आणि चालक कोर्टात गेला, तर वकिलाचा पहिला प्रश्न फलकाबद्दलच असेल.

रंग-मापांचा बारीक तपशील भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या आयआरसी ६७ या संहितेत आहे. ती पहिल्यांदा १९७७ मध्ये निघाली. २०१२ ची आवृत्ती आजही बहुतेक कार्यालयांच्या कपाटात सापडते, त्यानंतर २०२२ ची सुधारित आवृत्ती आली. टेंडरमध्ये नेहमी 'चालू आवृत्ती' असं लिहा. (मराठी वाचकाला माहीत असावं म्हणून सांगतो: ही रस्ते काँग्रेस १९३४ मध्ये ज्या समितीच्या शिफारशीवरून उभी राहिली, तिचे अध्यक्ष डॉ. मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच.)

चिन्हांची तीन घराणी आहेत. हुकूम देणारी गोल, सावध करणारी त्रिकोणी आणि माहिती देणारी चौकोनी किंवा आयताकृती. गतिरोधक, वळण, शाळा ही सावधानतेची, म्हणजे लाल कडेचा त्रिकोण, टोक वर. यांवर इथे जास्त बोलत नाही, कारण तुमचा प्रश्न हुकमाच्या फलकांचा आहे. पण शाळेपुढे गोलात मुलांचं चित्र काढलेले बोर्ड मी पाहिलेत, म्हणून सांगतो: गोल आला की चालकाला काहीतरी करावं किंवा टाळावं लागतं. नुसतं सावध करायचं असेल तर गोल वापरू नका.

हुकमाच्या फलकाची नेहमीची घडण अशी: पांढरी जमीन, लाल कडा, आत काळं चिन्ह. उजवीकडे वळू नये, यू-टर्न नको, ओव्हरटेक नको, हॉर्न नको, या चिन्हांवरून लाल तिरपा पट्टा जातो. वेगमर्यादेत पट्टा नसतो, आत फक्त काळा आकडा. '४०' एवढंच. 'SPEED LIMIT 40 KM' असं वर्तुळात कोंबलं की आकडा अर्धा होतो आणि लांबून वाचायची एकमेव गोष्टच वाचता येत नाही. 'नो एन्ट्री' म्हणजे लाल तबकडी आणि मधोमध पांढरी आडवी पट्टी, त्यात एकही अक्षर नाही. पार्किंगच्या फलकांची जमीन निळी आणि कडा लाल: एक तिरपी लाल रेघ असेल तर गाडी उभी करून जाऊ नये, दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबवू नये. या दोन फलकांत लोक फार गल्लत करतात, आणि लावणारेही. बसस्थानकाच्या तोंडाशी तुम्हाला बहुधा फुलीवाला लागेल, बाजारपेठेत एका रेघेचा. निळ्या गोलात पांढरा बाण, लाल कडा नाही, म्हणजे 'याच दिशेने जा'. हाही हुकूमच, फक्त मनाई नसून सक्ती.

दोन चिन्हांना मात्र मुद्दाम वेगळा आकार दिलाय. 'थांबा' अष्टकोनी, लाल जमिनीवर पांढरी कडा आणि पांढरी अक्षरं. 'रस्ता द्या' उलटा त्रिकोण, टोक खाली, पांढरी जमीन, लाल कडा. चौकात जीव जातो तो प्रामुख्याने या दोन हुकमांवरून, म्हणून ते चिखल उडालेला असला, रंग उडालेला असला, अगदी मागून पाहिलं तरी ओळखू आले पाहिजेत. मुख्य रस्त्यावरून येणाऱ्याला आडव्या रस्त्यावरचा अष्टकोन कडेने किंवा पाठीमागून दिसला, तरी समोरच्याने थांबायचंय हे त्याला कळतं. शिवाय लाल आणि हिरव्यातला फरक नीट न दिसणारे चालक, विशेषतः पुरुषांमध्ये, रस्त्यावर नेहमीच असतात. त्यांना आकारच सांगतो. म्हणून गोल पत्रा शिल्लक आहे म्हणून 'थांबा' गोलात रंगवून घ्यायचा, हे अजिबात करू नका. हा आकार जगभर जवळपास सारखा आहे. रस्त्यांवरच्या चिन्हांबद्दलच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारात तो आहे आणि भारत १९८० पासून त्या करारात आहे. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या भाच्याला तिथे वेगमर्यादा गोलात न दिसता उभ्या पांढऱ्या आयतात दिसेल, पण थांबायचा अष्टकोन त्यालाही ओळखीचाच वाटेल.

आता ऑइलपेंट का नको ते सांगतो. कागदावर सगळं बरोबर असतं आणि रस्त्यावर चुकतं ते इथेच.

दिवसा रंगवलेला लाल आणि शीटचा लाल यांत फारसा फरक जाणवत नाही. फरक सूर्य मावळल्यावर पडतो. ऑइलपेंट हेडलाइटचा प्रकाश सगळीकडे विखरून टाकतो, चालकाच्या डोळ्यापर्यंत त्यातला नगण्य भाग पोचतो. आपण ज्याला बोलताना रेडियम म्हणतो त्या परावर्तक शीटमध्ये बारीक काचेचे मणी किंवा प्रिझम असतात. भिंतीवर कुठूनही चेंडू मारला तरी तो मारणाऱ्याच्याच हातात परत यावा, तसा हा शीट प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो. हेडलाइट आणि चालकाचा डोळा जवळजवळ असल्यामुळे फलक त्याच्यासाठी उजळून निघतो.

पण सगळे रंग सारखे उजळत नाहीत. सगळ्यात स्वस्त शीट, म्हणजे टाइप १, इंजिनिअरिंग ग्रेड. त्याच्या पांढऱ्या रंगाचा किमान परावर्तन गुणांक ७० असतो, लालाचा १४ च्या आसपास आणि निळ्याचा अवघा ४. (मोजायचं एकक आहे कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर, आणि हे आकडे ०.२ अंश निरीक्षण कोनाचे, म्हणजे फलकाकडून पाहता दिवा आणि डोळा यांच्यातल्या कोनाचे.) टाइप ३, हाय इंटेन्सिटीमध्ये हेच आकडे २५०, ४५ आणि २० होतात. टाइप ४ मध्ये, जो मायक्रोप्रिझमॅटिक आहे, ३६०, ६५ आणि ३०. राष्ट्रीय महामार्गावर दिसणारा टाइप ११ पांढऱ्यासाठी ५८० आणि लालासाठी ८७ पर्यंत जातो.

हे आकडे तुमच्या गावात कसे दिसतात पाहा. इंजिनिअरिंग ग्रेडचा 'नो पार्किंग' रात्री जवळपास काळी तबकडी होतो, कारण निळा ४ वर आहे. त्याच शीटच्या वेगमर्यादेच्या फलकात पांढरी जमीन आणि आकडा दिसतो, पण लाल कडा अंधारात विरते. कडा गेली की उरतो पांढऱ्या गोलातला नुसता आकडा, आणि चालक त्याला मैलाचा दगड किंवा जाहिरात समजू शकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आदेशात्मक फलक टाइप १ मध्ये घेऊच नयेत, रस्ता कितीही लहान असो. गावातल्या रस्त्यांना टाइप ४ पुरेसा आहे, त्यापुढे पैसे घालायची गरज नाही. पण वेगाने वाहतूक येणारा राज्यमार्ग किंवा महामार्ग गावातून जात असेल, तर तिथे टाइप ११ मागा.

यात एक फसवणूक वारंवार होते. फलकाची पांढरी जमीन चांगल्या प्रिझमॅटिक शीटची असते, पण लाल कडा मात्र दुकानाच्या पाट्यांना वापरतात त्या साध्या लाल व्हिनाइलची कापून चिकटवलेली असते. दिवसा हा बोर्ड झकास दिसतो, उलट लाल जरा जास्तच गडद वाटतो. रात्री व्हिनाइलमधून प्रकाश आत जात नाही, त्यामुळे कडा काळी दिसते. लाल भाग पारदर्शक असायला हवा: एकतर पांढऱ्या परावर्तक शीटवर पारदर्शक लाल शाईने स्क्रीन प्रिंट केलेला, नाहीतर पारदर्शक लाल ओव्हरले फिल्म लावलेली. काळं चिन्ह मात्र अपारदर्शकच असतं, ते रात्री काळंच दिसायचंय.

हे ओळखायला महाग यंत्र लागत नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्याआधी तुमच्या कनिष्ठ अभियंत्याला अंधार पडल्यावर फलकापासून तीसेक मीटरवर उभं करा. टॉर्च हातात खाली धरायची नाही, डोळ्याच्या बाजूला कानशिलाला टेकवून धरायची आणि फलकावर मारायची. हात खाली असेल तर परतणारा प्रकाश छातीपाशी जातो, डोळ्यापर्यंत येत नाही, आणि चांगला फलकही नापास होतो. टॉर्च कानशिलाशी असताना कडा लाल उजळली पाहिजे. तपकिरी किंवा काळी दिसली तर फलक परत पाठवा. शक्य असेल तर त्याच रस्त्यावरचा महामार्ग विभागाचा एखादा नवा फलक शेजारी तुलनेला घ्या, फरक लगेच कळतो. हे केल्यावर कंत्राटदार पुढचे फलक आपणहून सरळ आणतो, असा माझा अनुभव आहे.

लाल रंगाची दुसरी अडचण म्हणजे तो उन्हात सगळ्यांत आधी विटतो. ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत 'थांबा'चा अष्टकोन १९५४ पर्यंत पिवळा होता, कारण बाहेर टिकेल असा लाल उपलब्ध नव्हता. न विटणारा लाल मिळाल्यावरच त्यांनी तो लाल-पांढरा केला. आपल्याकडे मार्च ते मे या काळात पश्चिमेकडे तोंड असलेले फलक आधी गुलाबी पडतात. म्हणून शीट आणि शाई एकाच उत्पादकाची, एकमेकांना जुळणारी मागा आणि उत्पादकाची लेखी हमी टेंडरच्या कागदांत घ्या. चांगल्या प्रिझमॅटिक शीटवर उत्पादक दहा वर्षांपर्यंतची हमी देतात. हमी शीटबरोबर शाईलाही लागू आहे असं स्पष्ट लिहून घ्या, कारण आधी जाते ती शाई. 'लाल' म्हणजे कोणता लाल याचाही निकाल पेंटरच्या नजरेवर सोडलेला नाही. रंगाच्या मोजणीत कोणत्या चौकटीत तो बसला पाहिजे हे ठरलेलं आहे, आणि शीटच्या चाचणी अहवालात ते आकडे असतात. अहवाल मागा.

मापाबद्दल थोडक्यात. कमी वेगाच्या शहरी रस्त्यावर गोल फलकाचा व्यास ६०० मिलीमीटर, आणि वेग वाढेल तसा ७५०, ९००, अतिवेगवान मार्गांवर १२००. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते, त्यामुळे माप कमी केलं तर वाचायला मिळणारी सेकंदंच कमी होतात. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा: ६०० मिलीमीटरपर्यंतच्या फलकाला १.५ मिलीमीटर जाडीचा, त्याहून मोठ्याला २ मिलीमीटरचा. लोखंडी पत्र्यावर शीट लावू नका. कडेने गंज चढतो आणि शीट फुगून सुटतो, कोकणात आणि गोव्यात तर दोन पावसाळ्यांत. फलकाची पाठ राखाडी. खांबाला २५-२५ सेंटीमीटरचे काळे-पांढरे पट्टे, जमिनीलगतचा काळा.

फुटपाथ असेल तिथे फलकाची खालची कड २.१ मीटरवर ठेवा, नाहीतर चालणाऱ्याच्या डोक्याला लागते. गावाबाहेर फुटपाथ नसेल तिथे दीड मीटर. फलक रस्त्याला काटकोनात उभा करून रस्त्यापासून किंचित, पाचेक अंश, बाहेर वळवा. अगदी काटकोनात राहिला तर शीटचा वरचा चकचकीत थर आरशासारखा चमकतो आणि मधलं चिन्ह दिसत नाही. पार्किंगचे फलक याला अपवाद आहेत. ते रस्त्याच्या रेषेशी साधारण १५ अंशांत लावतात, कारण ते कडेला गाडी लावणाऱ्याने वाचायचे असतात.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सभेत निघेलच. आदेशात्मक चिन्हं बहुतेक निःशब्द आहेत, आणि ती तशीच ठेवा. चिन्ह न वाचता समजतं, म्हणूनच परराज्यातल्या ट्रकचालकालाही ते कळतं. जिथे शब्द आहे, जसा 'थांबा', तिथे राज्य शासन आपल्या लिपीत अक्षरं घालू शकतं, पण ती मूळ अक्षरांसारख्याच मापाची आणि रंगाची हवीत. वेळ, अंतर, वाहनाचा प्रकार सांगायचा असेल तर ते फलकाच्या खाली वेगळ्या छोट्या आयताकृती पाटीवर लिहा, तबकडीत घुसवू नका. 'सकाळी ८ ते रात्री ८' ही पाटी मराठीतच असू द्या, अक्षरं ठळक, दोन ओळींपेक्षा जास्त नको. पुण्या-मुंबईकडे पी१-पी२ असतं, म्हणजे विषम तारखांना रस्त्याच्या एका बाजूला आणि सम तारखांना दुसऱ्या बाजूला पार्किंग. ते तुमच्या बाजारपेठेत आणायचं असेल तर पाटीवर सम-विषम स्पष्ट लिहा, नुसत्या पी१ वर बाहेरगावच्या माणसाला काही कळत नाही.

आणि देणगीदाराचं नाव फलकावर नको. मी एका गावात 'नो एन्ट्री'च्या वर सराफी दुकानाचं नाव आणि खाली नगरसेवकाचा फोटो पाहिला होता. पांढरी पट्टी त्या गर्दीत हरवली होती. कलम ११६ प्रमाणे चिन्ह झाकणारी किंवा चिन्हाचा भास निर्माण करणारी जाहिरात हटवता येते. देणगी घ्या, नाव नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर मानाने लावा, पण रस्त्यावर चालकाच्या नजरेच्या टप्प्यात नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, जे फलक करायला टाकण्याआधी व्हायला हवं. वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, पार्किंगबंदी या गोष्टी नगरपरिषदेच्या ठरावाने लागू होत नाहीत. कलम ११२ प्रमाणे वेगमर्यादा आणि कलम ११५ प्रमाणे वाहनांवरचे निर्बंध शासनाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने अधिसूचनेने घालायचे असतात. पार्किंगच्या जागा कलम ११७ खाली ठरतात, त्यात स्थानिक संस्थेचा सल्ला घेतला जातो. तुमच्या आकाराच्या गावात याचा अर्थ जिल्हाधिकारी आणि वाहतूक पोलिसांकडे प्रस्ताव पाठवणं. अधिसूचना हातात आली की प्रत्येक फलकाला क्रमांक द्या, नकाशावर जागा दाखवा आणि कोणत्या अधिसूचनेतला कोणता निर्बंध त्या फलकाने सांगितला जातोय हे रजिस्टरला लिहा. अधिसूचना नसलेला फलक लावला तर तो पाळणाऱ्याचं आणि न पाळणाऱ्याचं भांडण रोज चालतं, पोलीस काही करू शकत नाहीत, आणि हळूहळू शेजारचे खरे फलकही लोक मानेनासे होतात.

त्याच कारणाने फलक कमी लावा. प्रत्येक चौकात 'थांबा' नको. जिथे आडव्या रस्त्यावरून मुख्य रस्ता दिसतच नाही आणि प्रत्येक गाडीने खरोखर थांबलंच पाहिजे, तिथेच तो लावा, आणि जमिनीवर थांबारेषा मारा. दिसत असेल तर 'रस्ता द्या' पुरतो. वेगमर्यादा सुरू झाली तिथे फलक, मोठ्या चौकानंतर पुन्हा, आणि संपते तिथे निर्बंध समाप्तीचा, म्हणजे पांढऱ्या गोलावर तिरप्या काळ्या पट्ट्याचा फलक. हा शेवटचा फलक लावायचा बहुतेक ठिकाणी राहून जातो आणि ३० ची मर्यादा कागदोपत्री पुढच्या गावापर्यंत चालते. एका खांबावर दोनपेक्षा जास्त चिन्हं लावू नका.

खर्चाची काळजी मला समजते. पण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८ अ आलंय. रस्त्याच्या सुरक्षेची ठरवून दिलेली मानकं न पाळल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सगळे फलक एकदम घेणं जमत नसेल तर टप्पे करा. पहिल्या टप्प्यात बसस्थानकाजवळचे 'थांबा' आणि 'नो एन्ट्री', चांगल्या शीटमध्ये. शाळेजवळची वेगमर्यादा दुसऱ्या, बाजारपेठेतलं पार्किंग तिसऱ्या टप्प्यात. पेंटरचं काम जाणार नाही: खांबांचे पट्टे, थांबारेषा, झेब्रा यांत त्याचा हात लागेलच, फक्त जमिनीवरच्या रंगासाठी त्याला ऑइलपेंट न देता रोड मार्किंगचा रंग द्या. आणि गावात आत्ता लागलेले जुने रंगवलेले 'थांबा' असतील, तर नवे लागेपर्यंत ते काढू नका, नवा बसवला त्याच दिवशी जुना उतरवा.